परदेशात रस्ता ओलांडताय? आधी ड्रायव्हर कुठल्या बाजूला बसलाय ते बघा

रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघायचे, मग डावीकडे, आणि परत एकदा उजवीकडे बघून चालू लागायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेला हा धडा आपल्याकडे बरोबर आहे. पण हाच धडा दुबईत, सौदीत किंवा अमेरिकेत तसाच्या तसा वापरला तर जिवावर बेतू शकते. कारण तिथे पहिली गाडी उजवीकडून येत नाही, डावीकडून येते.

पूर्वी परदेश म्हणजे शहरातल्या लोकांचे काम होते. आता तसे राहिले नाही. गावातली पोरे आखाती देशांत ड्रायव्हर, वेल्डर, प्लंबर म्हणून जातात. मुलगा-सून अमेरिकेत किंवा जर्मनीत नोकरीला असले की नातवंडाला सांभाळायला आई-वडील चार-सहा महिने जाऊन राहतात. खत-बियाण्यांचे दुकानदार कंपनीच्या टूरवर थायलंडला जातात. शेतकरी अभ्यास दौऱ्यात युरोप बघून येतात. उमराहला जाणारे मक्का-मदिनेला जातात आणि पशुपतिनाथाच्या दर्शनाला तर बसच्या बस नेपाळात जातात. व्हिसा, तिकीट, थंडीचे कपडे, लोणचे-पापड याची तयारी महिनाभर चालते. तिथल्या रस्त्यावर चालायचे कसे, याची तयारी मात्र सहसा कोणी करत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्ते अपघातात मरतात. त्यात निम्म्याहून जास्त लोक पायी चालणारे, सायकलवाले आणि दुचाकीवाले असतात. ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण रस्ते अपघात हेच आहे. नव्या देशात गेलेला माणूस बहुतेक वेळ पायीच असतो, आणि रस्ता त्याच्या ओळखीचा नसतो. म्हणून त्याला धोका जास्त.

कुठे डावीकडून, कुठे उजवीकडून

भारतात गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. नेपाळ, श्रीलंका, भूतान, थायलंड, मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया, जपान, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका आणि केनिया इथेही आपल्यासारखेच आहे.

संयुक्त अरब अमिरात म्हणजे दुबई-अबुधाबी, सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, इस्रायल, तुर्की, इजिप्त, अमेरिका, कॅनडा, जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड, नेदरलँड, रशिया, चीन आणि व्हिएतनाम इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात.

एवढी यादी कोणाच्या लक्षात राहणार? त्यासाठी सोपी खूण आहे. विमानतळाबाहेर पडल्यावर पहिल्या टॅक्सीत डोकावून बघा. ड्रायव्हर ज्या बाजूला बसलेला आहे, त्याच बाजूने तुमच्या अंगावर पहिली गाडी येणार. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून फूटपाथवरून उतरताना पहिली गाडी उजवीकडून येते. दुबईत ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून पहिली गाडी डावीकडून येते. म्यानमारसारखा एखादा अपवाद सोडला तर ही खूण बहुतेक सगळीकडे चालते.

दुसरी गोष्ट रस्त्याच्या मधोमध पोहोचल्यावरची. तिथे सगळे उलटे होते. आपल्याकडे अर्धा रस्ता ओलांडला की पुढच्या गाड्या डावीकडून येतात. आखातात किंवा अमेरिकेत अर्ध्या रस्त्यानंतर गाड्या उजवीकडून येतात. पहिल्या अर्ध्यात माणूस सावध असतो. डिव्हायडरपर्यंत आला की त्याला वाटते जमले, आणि पुढचे पाऊल जुन्या सवयीने पडते.

चर्चिल यांनाही सवय नडली

हे फक्त साध्याभोळ्या माणसाचे होते असे नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे पंतप्रधान झालेले विन्स्टन चर्चिल १३ डिसेंबर १९३१ रोजी न्यूयॉर्कमध्ये फिफ्थ अॅव्हेन्यूवर टॅक्सीतून उतरले आणि रस्ता ओलांडू लागले. रस्त्याच्या मध्यावर आल्यावर त्यांनी इंग्लंडच्या सवयीने डावीकडे बघितले. अमेरिकेत त्या ठिकाणी गाडी उजवीकडून येते. ती आली आणि तिने त्यांना उडवले. चर्चिल जबर जखमी झाले, दवाखान्यात राहावे लागले. चूक ड्रायव्हरची नसून आपलीच होती, हे त्यांनी स्वतः सांगितले.

लंडनमध्ये बाहेरून आलेल्या लोकांसाठी रस्त्यावर फूटपाथच्या कडेलाच मोठ्या अक्षरांत 'उजवीकडे बघा', 'डावीकडे बघा' असे इंग्रजीत रंगवलेले असते. एवढा मोठा देश रस्त्यावर असे लिहून ठेवतो, यावरून सवय किती पक्की असते ते समजावे.

फक्त ओलांडण्यापुरते नाही

वाहतुकीची बाजू बदलली की त्याबरोबर बऱ्याच गोष्टी बदलतात.

आपल्या एसटीचे दार डावीकडे असते. उजव्या बाजूने चालणाऱ्या देशांत बसचे दार उजवीकडे असते आणि थांबाही तिकडच्या कडेला असतो. त्यामुळे आपल्या अंदाजाने माणूस नेमका समोरच्या कडेच्या थांब्यावर जाऊन उभा राहतो. बस भलतीकडे जाते ते परवडले, पण चूक लक्षात आल्यावर धावत रस्ता ओलांडायला जाणे परवडत नाही. एक बस गेली तर दुसरी येते.

टॅक्सीतून उतरताना आपण डावे दार उघडतो. आखातात आणि अमेरिकेत डावे दार चालत्या रहदारीत उघडते. तिथे उजव्या दाराने, फूटपाथकडे उतरायचे. मागे लहान मूल बसले असेल तर त्याला आधी सांगून ठेवावे.

फूटपाथ नसलेल्या रस्त्याने चालायची वेळ आली तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा कडेने चालायचे. आपल्याकडे ती उजवी कड. अमेरिकेत ती डावी कड. पाठीमागून येणारी गाडी दिसत नाही, आणि इलेक्ट्रिक गाडीचा तर आवाजही नीट येत नाही.

आखात : रस्ता रुंद, गाडी सुसाट

आखातातले मोठे रस्ते सहा, आठ, काही ठिकाणी बारा लेनचे आहेत आणि ताशी १०० ते १२० किलोमीटर वेगाला तिथे परवानगी असते. अशा रस्त्याच्या एका बाजूला कामगारांची राहण्याची जागा आणि दुसऱ्या बाजूला किराणा दुकान असले की पूल लांब वाटतो आणि माणूस मधूनच घुसतो.

इथे साधा हिशेब करून बघावा. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. सहा लेनचा रस्ता साधारण २० मीटर रुंद. माणूस सेकंदाला एक मीटर चालला तर त्याला ओलांडायला २० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ती गाडी ५५० मीटर पुढे येते. म्हणजे पाऊल टाकताना जी गाडी अर्धा किलोमीटर लांब आहे, तीसुद्धा तुमच्यापर्यंत पोहोचते. आपल्याकडच्या रस्त्यावर गाडी लांब दिसली की आरामात जाता येते, तो अंदाज तिथे उपयोगाचा नाही.

भलत्या ठिकाणाहून रस्ता ओलांडणे अमिरातीत गुन्हा आहे. त्याला ४०० दिरहॅम दंड आहे. २९ मार्च २०२५ पासून लागू झालेल्या नव्या वाहतूक कायद्यात याहून कडक तरतुदी आल्या. ज्या रस्त्याची वेगमर्यादा ८० किलोमीटर किंवा त्याहून जास्त आहे, तिथे भलतीकडून उतरण्याच्या प्रकरणात तुरुंगवास आणि १० हजार दिरहॅमपासून पुढे दंडापर्यंत गोष्ट जाऊ शकते. घरी पैसे पाठवायला गेलेल्या माणसाला हे परवडणारे नाही.

दुबईत शेख झायेद रोडवर मेट्रो स्टेशनांना जोडलेले पादचारी पूल आहेत. मेट्रोत बसायचे नसले तरी त्यावरून पलीकडे जाता येते. रमजानच्या महिन्यात रोजा सोडायच्या वेळी लोकांना घर गाठायची घाई असते. त्या वेळेत जास्त सावध राहावे.

अमेरिका : लाल दिव्यालाही गाडी वळते

आपल्याकडे चौकात डावीकडे वळणाऱ्या गाड्या बऱ्याचदा थांबत नाहीत. अमेरिकेत तसेच उजवीकडे वळणाऱ्यांचे आहे. बहुतेक ठिकाणी लाल दिवा असतानाही गाडी थांबून, रस्ता मोकळा बघून उजवीकडे वळू शकते. न्यूयॉर्क शहरात मात्र पाटी असल्याशिवाय असे वळता येत नाही. वळणारा ड्रायव्हर डावीकडून येणाऱ्या गाड्या बघत असतो. त्याच्या उजव्या हाताला उभा असलेला चालणारा माणूस त्याच्या नजरेतून सुटतो. म्हणून चालण्याचा पांढरा दिवा लागला तरी ड्रायव्हरची नजर आपल्याकडे आहे का, ते बघूनच उतरावे.

तो दिवा आपोआप लागेलच असे नाही. बऱ्याच चौकांत खांबाला बटण असते, ते दाबावे लागते. चालणाऱ्या माणसाचे पांढरे चित्र दिसले की निघायचे. नारिंगी रंगाचा हात लुकलुकायला लागला तर नव्याने रस्त्यावर उतरायचे नाही. आधीच उतरलेले असाल तर ओलांडून पूर्ण करायचे.

अमेरिकेत २०२२ या एका वर्षात साडेसात हजारांवर पायी चालणारे लोक गाडीखाली मेले. त्यातले चारपैकी तीन अपघात अंधारात झाले. गावाकडून गेलेल्या आई-वडिलांना जेवण झाल्यावर शतपावलीची सवय असते. थंडीमुळे अंगात काळे किंवा गडद जॅकेट असते. वस्तीबाहेरच्या रस्त्याला बऱ्याचदा फूटपाथ नसतो. अशा वेळी पांढरी शाल किंवा चमकणारी पट्टी लावलेले जॅकेट घालावे आणि मोबाइलची बॅटरी लावून चालावे.

युरोप : लाल पट्टा सायकलींचा

नेदरलँड, जर्मनी, डेन्मार्क या देशांत सायकलींसाठी वेगळा रस्ता असतो. नेदरलँडमध्ये तो बहुतेक लालसर रंगाचा असतो. दिसायला तो फूटपाथच वाटतो आणि फोटो काढायला लोक त्यावरच उभे राहतात. तिथल्या सायकली आपल्या दूधवाल्याच्या सायकलीसारख्या सावकाश चालत नाहीत. इलेक्ट्रिक सायकल तर अजून जोरात येते. दोन रस्ते ओलांडायचे आहेत असे समजावे, एक सायकलींचा आणि एक गाड्यांचा.

ट्राम म्हणजे रस्त्यावरून धावणारी रेल्वे. ती रुळावर असल्यामुळे बाजूला वळू शकत नाही आणि लगेच थांबतही नाही. आवाज कमी असतो. कानात हेडफोन घालून रूळ ओलांडू नयेत. जर्मनीतल्या हायवेवर, ज्याला ऑटोबान म्हणतात, पायी चालायला मनाई आहे.

थायलंड आणि व्हिएतनाम : दुचाकीचा मोह

थायलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. त्यामुळे घरच्यासारखे वाटते, आणि तिथेच फसगत होते. दुचाकी अपघातांत सर्वाधिक लोक मरणाऱ्या देशांत थायलंडचे नाव नेहमी वर असते. झेब्रा पट्टे असले म्हणून गाडी थांबेलच याची खात्री नाही. जानेवारी २०२२ मध्ये बँकॉकमध्ये झेब्रा पट्ट्यावरून चाललेल्या एका तरुण डोळ्यांच्या डॉक्टरला मोठ्या मोटारसायकलने उडवले आणि तिचा जीव गेला. मोटारसायकल चालवणारा पोलीस होता. त्या वेळी सगळ्या थायलंडमध्ये संताप झाला होता.

पट्टाया, फुकेतला पासपोर्ट दाखवला की स्कूटर भाड्याने मिळते. दुकानदार लायसन्स विचारतोच असे नाही. पण अपघात झाला की पोलीस विचारतात आणि विमा कंपनीही विचारते. लायसन्स आणि परमिट नसेल, हेल्मेट नसेल किंवा दारू घेतलेली असेल तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग दवाखान्याचे बिल घरच्यांच्या गळ्यात. गावात पंधरा वर्षे बुलेट चालवली आहे, हे तिथे कोणी ऐकून घेत नाही.

व्हिएतनाममध्ये गाड्या उजवीकडून चालतात आणि शहरात दुचाकींचा लोंढा थांबतच नाही. तिथली रीत अशी, की हात थोडा वर करून एका सारख्या, हळू चालीने पुढे जात राहायचे. दुचाकीवाले बाजूने वाट काढतात. मध्येच थांबले, पळाले किंवा मागे फिरले तर त्यांचा अंदाज चुकतो. ही रीत फक्त दुचाकींसाठी आहे. कार किंवा बस येत असेल तर थांबायचे.

नेपाळ : नियम आपलेच, पण दरी खोल

परदेशातल्या रस्त्याचा सगळ्यात मोठा घाव अलीकडे महाराष्ट्राने सोसला तो नेपाळमध्ये. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. २७ जणांचा जीव गेला. त्यातले बहुतेक जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव आणि भुसावळ भागातले होते. मृतदेह हवाई दलाच्या विमानाने आणावे लागले. त्याच्या आधी जवळपास सहा आठवडे, १२ जुलै २०२४ ला, दरड कोसळून साठहून जास्त प्रवासी असलेल्या दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या.

काठमांडू ते पोखरा हा महामार्ग बराचसा नदीच्या कडेने जातो. पावसाळ्यात दरडी कोसळतात, रस्ता खचतो. यात्रा ठरवताना तीन गोष्टी आधी विचाराव्यात. प्रवास दिवसा आहे की रात्री? ड्रायव्हरने हा रस्ता आधी चालवला आहे का, आणि लांबच्या पल्ल्याला दुसरा ड्रायव्हर आहे का? यात्रा जुलै-ऑगस्टमध्येच करायची गरज आहे का? चार पैसे कमी पडतात म्हणून रात्रीचा प्रवास मान्य करू नये. ड्रायव्हरला झोप येतेय असे दिसले तर गाडी थांबवायला सांगायला लाजू नये.

गाडी चालवायची असेल तर

फिरायला जाणाऱ्याला परदेशात गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून जावे. तो आपल्या आरटीओत मिळतो, फी १ हजार रुपये आहे आणि तो एक वर्ष चालतो. मूळ लायसन्सही बरोबर लागते. मूळ लायसन्स फक्त चारचाकीचे असेल तर या परवान्यावर दुचाकी चालवता येत नाही. नोकरीला जाऊन राहणाऱ्याला आखातात तिथलेच लायसन्स काढावे लागते.

अपघात झालाच तर

पोलीस येईपर्यंत जागा सोडू नये. जे वाचता येत नाही त्या कागदावर सही करू नये. दुभाषा मागावा. मदतीचे नंबर देशागणिक वेगळे आहेत.

अमेरिका, कॅनडा : ९११
युरोपातले बहुतेक देश : ११२
इंग्लंड : ९९९
अमिरात : पोलीस ९९९, अॅम्ब्युलन्स ९९८
सौदी : अॅम्ब्युलन्स ९९७
थायलंड : अॅम्ब्युलन्स १६६९, पर्यटक पोलीस ११५५
सिंगापूर : अॅम्ब्युलन्स ९९५
नेपाळ : पोलीस १००, अॅम्ब्युलन्स १०२
ऑस्ट्रेलिया : ०००

त्यानंतर भारतीय दूतावासाला कळवावे. गावाकडच्या नातेवाइकांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. हातात पैसे नसलेल्या माणसाच्या उपचारासाठी किंवा मृतदेह गावी आणण्यासाठी दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. त्यासाठी अर्ज करावा लागतो, हे बऱ्याच घरांना माहीत नसते.

निघण्याआधी एवढे करा

दहावी नसलेले बरेच लोक ईसीआर पासपोर्टवर आखातात कामाला जातात. त्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये अधिक कर इतका आहे. एजंटकडून पॉलिसीची प्रत मागून घ्यावी आणि एक घरी ठेवावी. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांचा विमा मात्र मुलाने आठवणीने काढावा, कारण तिथे दवाखान्याचा खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा असतो.

पासपोर्टचा फोटो, विमा नंबर, रक्तगट, तिथला पत्ता आणि तिथल्या नातेवाइकाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावा. मोबाइल फुटला किंवा लॉक झाला तरी कागद वाचता येतो.

आणि पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस एकट्याने मोठा रस्ता ओलांडू नये. तिथे राहणाऱ्या कोणाबरोबर दोन वेळा जाऊन यावे. सिग्नल कुठला, बटण कुठे, बसचा थांबा कुठल्या कडेला, हे डोळ्यांनी बघून घ्यावे. वयस्कर माणसांना सांगताना फक्त 'जपून जा' म्हणून भागत नाही. 'इथे गाडी डावीकडून येते' असे स्पष्ट सांगावे लागते. शंका आली तर दोन्हीकडे बघावे, दोन वेळा बघावे. त्यात अर्धा मिनिट जातो, एवढेच.